काळ्या मातीतून रेल्वे नेताना

आमच्याकडे लग्नात जा, तेरवीत जा, आठवडी बाजारात जा, माणूस भेटला की एकच विचारते, "काय गा इंजिनिअर, कवा येते बाप्पा तुमची गाडी?" वर्धा-यवतमाळ-नांदेड लाईन २००८-०९ च्या सुमारास मंजूर झाली, जवळपास २८४ किलोमीटरची, आणि त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, म्हणजे लोक विचारतात त्यात त्यांचं काहीच चूक नाही. निधी, मोबदला, कोर्टकचेऱ्या यावर बोलणारे गावोगाव आहेत, त्यातलं मला फार कळतही नाही. मी डिप्लोमा सिव्हिल, ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर म्हणून यवतमाळच्या पुढच्या पट्ट्यात काम केलं, माझं गावही त्याच बाजूचं, त्यामुळं जमिनीवर प्रत्यक्ष काय चालते तेवढं सांगतो. रूळ टाकणं हे रेल्वेतलं सगळ्यात शेवटचं अन् सगळ्यात लवकर उरकणारं काम आहे. वर्षं खाल्ली जातात ती माती आणि पाण्यात, आणि ते काम रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतच नाही, त्याला फक्त मुरमाचे ढीग अन् उभे टिप्पर दिसतात.

आधी हा मुलूख कसा आहे ते पाहा. वर्ध्याकडून निघालं की देवळी, भिडीपर्यंत बऱ्यापैकी सपाट आहे, मग वर्धा नदी ओलांडून कळंबकडे यायचं आणि तिथून यवतमाळच्या पठारावर चढायचं. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, वर्ध्यापेक्षा दीडशे मीटरहून जास्त उंच. पुढं दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड करत पैनगंगा ओलांडून हदगाव, नांदेड. मध्ये अडाण, अरुणावती, पूस अशा नद्या, प्रत्येक नदीला येऊन मिळणारे पन्नास नाले, आणि पुसदकडं तर चहूबाजूनं डोंगर. एसटीत बसून गेलं तर हा चढउतार कळत नाही कारण रस्त्याला चढ चालतो. रेल्वेचं तसं नाही, लोखंडी चाक लोखंडी रुळावर, पकड कमी, त्यामुळं शंभर मीटर पुढं गेल्यावर एक मीटर चढ हा सुद्धा रेल्वेच्या हिशोबात चांगलाच चढ होतो. बोरघाटात १ ला ३७ असा चढ आहे तर तिथं गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. नव्या लाईनवर ते कोणालाच नको असते, म्हणून मग जिथं जमीन उंच तिथं कापायचं आणि जिथं खोल तिथं भरायचं, एवढीच सगळी इंजिनिअरिंग आहे म्हणा ना.

गावातले म्हातारे आम्हाला जुन्या शकुंतला गाडीचं उदाहरण देत, की इंग्रजांनी शंभर वर्षाआधी मूर्तिजापूर ते यवतमाळ गाडी आणली, तुमच्याजवळ एवढ्या मशिनी असून काय करून राहिले तुम्ही. त्यांचं शकुंतलेवर प्रेम आहे, माझंही आहे, माझ्या आईचं माहेर त्याच लाईनवरचं. पण ती नॅरोगेज होती, दोन रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर, कापूस वाहून न्यायला बांधलेली, डबे हलके, वेग कमी, त्यामुळं ती जमिनीच्या कलानं वळत वळत जायची, टेकाड आलं की बाजूनं जा. ब्रॉडगेजला १६७६ मिलिमीटर गेज, वर मालगाडीचं वजन, वेगही शंभरच्या वर धरलेला, त्याला असं कुठंही वळता येत नाही. वळण मोठं घ्यायचं म्हटलं की समोर येईल ती टेकडी, नाला, शेत, सगळं मधूनच जाते.

माझं पहिलं काम होतं लेव्हल घ्यायचं. सेंटर लाईनच्या खुंट्या आधीच ठोकलेल्या होत्या, त्यातल्या निम्म्या वखरात निघून गेलेल्या किंवा पोरांनी उपटलेल्या, त्या टोटल स्टेशन, म्हणजे तिपाईवरचं मोजणीचं यंत्र, लावून परत बसवायच्या आणि प्रत्येक ठिकाणी जमिनीची उंची घ्यायची. तूर माणसाच्या डोक्याच्या वर गेलेली असते तेव्हा समोरचा स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, धरणारा पोरगा दिसतच नाही, फक्त पट्टीचं टोक हलताना दिसते, "डावीकडं, आणखी डावीकडं, बस" असं ओरडत ओरडत दिवस जायचा. शेतकऱ्याला न विचारता तुरीत घुसायचं नाही हे मी पहिल्यापासून पाळलं, आपल्याच भागातली माणसं आहेत, एका फांदीमागं त्याचे पैसे आहेत.

या सर्व्हेतलं सगळ्यात मोलाचं काम मला वाटते ते पुराच्या खुणा गोळा करायचं. पुलाचं डिझाइन करताना नाल्याला पाणी किती येईल याचा हिशोब नकाशावरून, पाणलोटाचं क्षेत्र आणि पाऊस धरून करतात, साधारण पन्नास वर्षांतून एकदा येईल असा पूर धरायचा, मोठ्या पुलाला शंभर वर्षांचा. पण त्यासोबत गावात जाऊन विचारायचंही असते की आजवरचं सगळ्यात जास्त पाणी कुठपर्यंत आलं. हे विचारणं बरेच जण उरकून टाकतात, सरपंचाला फोन केला, त्यानं सांगितलं तेवढं लिहिलं, झालं.

एका गावात मी सर्व्हेअरला घेऊन नाल्याकाठच्या घरांत गेलो. एक आजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलून राहिल्या होत्या, त्यांना विचारलं तर त्या सरळ उठल्याच, "चाल दाखवतो तुले" म्हणून आम्हाला मारुतीच्या पारापाशी घेऊन गेल्या आणि पाराच्या तिसऱ्या दगडावर हात ठेवला. "इथवर. पोळ्याच्या दोन दिस आधी. बैलं सोडाले गेलो तं कमरेएवढं पाणी, कोठ्यातली वगार वाहून गेली." मी त्या दगडावर खडूनं रेघ मारली, बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या पक्क्या खुणेवरून, लेव्हल आणली, ती ड्रॉइंगमधल्या पुराच्या पातळीपेक्षा चांगली फूटभर वर होती. एवढ्यावर आजी थांबल्या नाहीत. म्हणे नाला एकट्यानं येतच नाही, जास्त झाला की वरच्या वावरातून जुना पाट आहे तिकडून फुटते आणि गावाला मागून वेढा घालते. तो पाट आम्ही जाऊन पाहिला, कोरड्या दिवसात तिथं नुसता सखल पट्टा दिसते, त्यात सोयाबीन पेरलेलं, नकाशावर त्याचं नावनिशाण नाही. आणि आमचा भराव बरोबर त्याच्यावरून जाणार होता, तिथं पाण्याला वाट ठेवलेलीच नव्हती. मी फोटो, लेव्हल, आजींचं म्हणणं, गावातल्या आणखी चार जणांचं म्हणणं असं सगळं लिहून वर पाठवलं, डिझाइनवाल्या साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं आणि तिथं एक बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे पाणी जायला काँक्रीटची चौकोनी मोरी, वाढवून दिला. ते नसतं झालं तर तो भराव म्हणजे गावाला बांधलेलं धरण झालं असतं. मला आजही त्या आजींच्या हाताखालचा तो दगड आठवला की वाटते, ज्या लाईनवर असं कोणी विचारलंच नसेल तिथल्या लोकांचं पावसाळ्यात काय होत असेल.

आता काळी माती. कपाशीला सोनं, बांधकामाला वैरी. आमच्याकडं उन्हाळ्यात वावरात चाला, भेगा इतक्या पडतात की हात कोपरापर्यंत आत जाते, आणि पावसाळा लागला की तीच माती फुगून सगळ्या भेगा बंद. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असते, ते पाणी पिऊन फुगते आणि सुकलं की आकसते. या मातीवर जे बांधाल ते दरवर्षी थोडं वर उचललं जाते आणि थोडं खाली बसते, घराच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात त्या याच्यामुळंच. रुळाला तर काही मिलिमीटरचा फरकही चालत नाही.

ती किती फुगते हे मोजायची टेस्ट मला फार आवडायची, तिला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. माती ओव्हनमध्ये वाळवायची, बारीक चाळणीतून गाळायची, दहा दहा ग्रॅमचे दोन भाग करायचे, शंभर मिलिलिटरच्या दोन काचेच्या नळ्या घ्यायच्या, एकीत डिस्टिल्ड पाणी आणि एकीत रॉकेल, दोन्हीत माती टाकून हलवून बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास तशाच ठेवायच्या. रॉकेलात माती फुगत नाही, आहे तेवढीच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये गेलं की रॉकेलच्या नळीत तळाशी जेवढी माती बसलेली असते तिच्या दीडपट, कधी पावणेदोन पट पाण्याच्या नळीत वर आलेली दिसायची. फुगवटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला की माती फार वाईट समजायची. मी लॅबमध्ये बाजूच्या वावरवाल्या एका काकांना बोलावून दाखवलं होतं, ते बराच वेळ नळ्यांकडं पाहत राहिले अन् म्हणाले, "मंग आमच्या घराची भिंत दरसाल कायले फाटते थे आता समजलं."

तर भरावाच्या खालची अशी माती खरवडून काढायची, किती खोल काढायची ते त्या त्या जागेच्या तपासणीवर, आणि तिच्या जागी मुरूम किंवा न फुगणारी माती आणून भरायची. निघालेली काळी माती शेतकऱ्यांना दिली की ते आनंदानं नेतात, बरड रानात पसरायला. पण मुरूम आणायचा कुठून, तर त्याची खदान पाहिजे, तिची लॅब टेस्ट पास झाली पाहिजे, तहसीलचा गौण खनिजाचा परवाना आणि रॉयल्टी भरलेली पाहिजे, आणि खदान ते साइट रस्ता पाहिजे. यातलं एक अडलं की सगळे टिप्पर उभे. लोकांना वाटते कामच बंद पडलं.

मुरूम किती लागते याचा अंदाज घ्या. भरावाचा माथा ७.८५ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना उतार असा की एक मीटर उंचीला दोन मीटर पाय पसरला पाहिजे. म्हणजे आठ मीटर उंच भराव असेल तर खाली पायथा जवळपास चाळीस मीटर होते. लोक विचारतात ना की दोन रुळाची गाडी, तिला एवढी जमीन कायले घेतली, तर ती या उतारांसाठी. आणि अशा भरावात लाईनच्या एका मीटरला जवळपास १९० घनमीटर दाबलेला मुरूम जाते, म्हणजे अठरा-वीस टिप्पर, फक्त एका मीटरला. असे शेकडो मीटर.

आणि तो नुसता ओतून चालत नाही. साधारण फुटाफुटाचा थर टाकायचा, ग्रेडरनं सारखा करायचा, टँकरनं पाणी मारायचं, मग व्हायब्रो रोलर फिरवायचा, आणि दाबून झाला की टेस्ट. मुरमाला सँड रिप्लेसमेंट करतो आम्ही, थरात गोल खड्डा काढायचा, त्यातला कण न् कण मुरूम गोळा करून वजन करायचं, मग सिलिंडरमधली मोजलेली कोरडी रेती त्या खड्ड्यात सोडायची, रेती किती गेली त्यावरून खड्ड्याचं आकारमान कळते, ओलावा वेगळा काढायचा, आणि हिशोब करून पाहायचं की लॅबमध्ये त्या मुरमाची जी जास्तीत जास्त घनता आली होती तिच्या ९७-९८ टक्के आली का. आली तर पुढचा थर, नाही आली तर परत रोलर. पाणी कमी पडलं तर दबत नाही, जास्त झालं तर रोलरखाली थुलथुल हलते. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत टँकरनं मारलेलं पाणी रोलर येईपर्यंत उडून जायचं, म्हणून भराव आम्ही पहाटे आणि रात्रीच करायचो. ठेकेदाराच्या माणसांना घाई असते, थर जाड टाकायचा मोह असते, त्यांना थांबवताना भांडणं झाली, एकदोघांनी बोलणंही सोडलं. पण जाड थर वरून कडक दिसते, खालून ढिला राहते, आणि तो ढिलेपणा दोन पावसाळ्यांनंतर रुळाखाली बाहेर येते. तेव्हा तो रोलरवाला तिथं नसते, गाडीत बसलेली माणसं असतात.

पावसाळा लागला की मातीकाम बंद. जून मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत काळ्या जमिनीत टिप्पर घातला तर तो पोकलेननंच ओढून काढावा लागते. म्हणजे वर्षातले कामाचे महिने सात-आठ, त्यात दिवाळीत आणि होळीत मजूर गावाला जातात. हा साधा हिशोब कोणत्याच भाषणात येत नाही.

भरायचं झालं, आता कापायचं. आमचा सगळा भाग दख्खनच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक लाव्हा वाहून आला आणि थिजला, पोळ्यांची चवड रचावी तसे थर आहेत. वरून जमीन एकच दिसते, पण कटिंग खणत खाली गेलं की दर काही मीटरला दगड बदलते. वर मुरूम, त्यात सुटे गोल गोटे, खाली मांजऱ्या, म्हणजे बारीक छिद्रांचा नरम दगड, छिद्रांत पांढरे चमकणारे खडे भरलेले (मजुरांची पोरं ते खिशात भरून न्यायची), त्याखाली काळा पाषाण की ब्रेकरचा दात झिजून जाईल. आणि दोन थरांच्या मधी कुठंकुठं लाल मातीचा पट्टा लागते, वीतभर ते हातभर, कधी त्याहून जाड. काळा दगड पाहून सगळे घाबरतात, मी त्या लाल पट्ट्याला घाबरायला शिकलो. तो पाणी लागलं की साबणाच्या चिखलासारखा होते, आणि वरचा एवढा मोठा पाषाण त्याच्यावर टेकलेला असते. खालचा लाल पट्टा धुऊन निघाला की वरचा दगड लोंबकळत राहते आणि एक दिवस खाली येते. म्हणून अशा ठिकाणी कटिंगचा उतार जास्त सैल घ्यायचा, मधी पायरी ठेवायची, डोक्यावरून पाणी आत येऊ नये म्हणून वरच्या बाजूला चर खणायचा, आणि लागलं तर जाळी मारून वरून काँक्रीटचा फवारा. या सगळ्यासाठी आणखी जमीन लागते, आणखी जमीन म्हणजे परत भूसंपादन, परत एक फाईल.

पाषाणाला सुरुंगाशिवाय इलाज नाही. ड्रिल करून ओळीनं होल मारायचे, परवाना असलेला ब्लास्टरच माल भरते, दुसरं कोणी हात लावत नाही, दुपारची ठरलेली वेळ, दोन्हीकडून लाल झेंडे, भोंगा, गुराख्यांना आधीच सांगून ठेवायचं. जवळ घर किंवा विहीर असली तर होलमधला माल कमी, एकाच वेळी सगळे न उडवता थोड्या थोड्या मिलिसेकंदाच्या फरकानं उडवायचे म्हणजे हादरा विभागते, आणि वरून रेतीच्या गोण्या व जाळ्या. तरी तक्रारी येतातच, आणि त्या खोट्या असतात असं समजायचं नाही. एका शेतकऱ्याच्या विहिरीचं पाणी कटिंग खोल गेल्यावर खरंच उतरलं. सुरुंगानं विहीर फाटली असं त्यांचं म्हणणं होतं, मी पाहिलं तर कारण थोडं निराळं वाटलं, ज्या मांजऱ्यातून त्यांच्या विहिरीला झरा होता तोच थर आमच्या कटिंगनं कापला होता आणि ते पाणी आता कटिंगच्या भिंतीतून पाझरून आमच्या चरात वाहत होतं. कारण काहीही असो, नुकसान त्यांचं खरं होतं, संत्र्याची बाग होती. पंचनामा झाला, कागद फिरले, शेवटी नवीन बोअरचे पैसे मिळाले, पण तोवर एक उन्हाळा त्यांनी टँकरवर काढला. असं होणार हे आधी ओळखता येते, कटिंगच्या आसपासच्या विहिरींची पाण्याची पातळी खोदण्याआधी एकदा लिहून ठेवली पाहिजे, म्हणजे नंतर वादच उरत नाही. मी ते माझ्या पट्ट्यात सुरू केलं होतं, वहीत प्रत्येक विहिरीची कडा ते पाणी मोजून, मालकाची सही घेऊन.

बोगद्यावर मी स्वतः काम केलं नाही, दोनतीनदा पाहायला गेलो. कटिंग फारच खोल जायला लागली की बोगदा परवडते. तोंडावर ड्रिलिंग, सुरुंग, धूर जाऊ द्यायचा, सुटे दगड खरवडून पाडायचे, मलबा बाहेर, मग लगेच भिंतीवर शॉटक्रीट, म्हणजे तोच काँक्रीटचा फवारा, आणि दगडात आडवे बोल्ट, आणि पुन्हा पहिल्यापासून, प्रत्येक फेरीला दोनचार मीटर पुढं. आत काम करणारी माणसं बहुतेक बाहेर राज्यातली, याच कामात आयुष्य घातलेली. छतावर हातोडी ठोकून नुसत्या आवाजावरून दगड पक्का आहे का पोकळ ते सांगणारा एक फोरमन तिथं होता, त्याच्यापुढं मी हात जोडले.

पुलांचं काम त्यामानानं शिस्तीचं असते, पाया लागला की पुढचं ठरल्यासारखं चालते. त्रास फक्त उन्हाचा. एप्रिल-मे मध्ये दिवसा काँक्रीट टाकलं तर चढवता चढवताच ते आवळते, म्हणून रात्री टाकायचं, पाण्यात बर्फ, खडी गोणपाटानं झाकून थंड केलेली, आणि नंतर ओल्या गोणपाटाखाली पाणी मारत राहायचं. पाणी मारायला ठेवलेला माणूस झोपला का ते पाहायला मी कित्येकदा रात्री दोनला मोटारसायकल काढून गेलो, त्या माणसाला ओरडायला नाही, सोबत म्हणून. नाल्यात एकट्याला भीती वाटते हो, साप असतात, रानडुकरं असतात.

आता ज्यासाठी मुख्य लिहायला बसलो ते. लाईन शेताच्या मधून जाते तेव्हा एका बाजूला विहीर आणि दुसऱ्या बाजूला वावर राहते. माणसं मोबदल्याच्या आकड्यावर भांडतात, भांडावंच, पण या तुटलेल्या वावराचं पाणी कसं जाईल हे विचारत नाहीत, आणि भराव उभा राहिल्यावर धावत येतात. भरावाआधी सांगितलं तर खाली एक मोठा पाईप टाकून ठेवणं सोपं असते, पुढं त्यातून शेतकऱ्यानं आपली पाइपलाइन ओवायची. भराव झाल्यावर तेच काम म्हणजे मशीन लावून आरपार पाईप ढकलणं, परवानग्या, पैसे, आणि होईलच याचा भरवसा नाही. माझ्या पट्ट्यात मी प्रत्येक गटाच्या मालकाला भेटून विचारलं, विहीर कुठं, मोटर कुठं, पाणी कुठून कुठं नेता, बैलगाडी कुठून जाते. काहींनी सांगितलं, काहींनी "तुमची गाडी येतेच कवा" म्हणून उडवून लावलं, त्यातले दोघं नंतर माझ्याकडं आले तेव्हा भराव सहा मीटर वर गेला होता आणि माझ्या हातात अर्ज लिहून देण्यापलीकडं काही नव्हतं. फार वाईट वाटलं.

अंडरपासचंही तेच. नव्या लाईनवर फाटक ठेवत नाहीत, एकतर वरून पूल नाहीतर खालून रस्ता. खालच्या रस्त्याचा तळ बाजूच्या जमिनीपेक्षा खोल गेला आणि पाणी काढायला नाल्यापर्यंत उतार मिळाला नाही की पावसाळ्यात तिथं तळं साचते, शाळेची पोरं, दुधाचे कॅन, बैलगाड्या सगळे अडकतात. ड्रॉइंग येते तेव्हाच गावानं विचारलं पाहिजे की यातलं पाणी जाणार कुठं. पंप लावू असं उत्तर आलं तर मान्य करू नका, पंपाला वीज लागते, आणि आमच्याकडं पाऊस आला की पहिली वीजच जाते.

हे सगळं झालं की मग रूळ. भरावावर ब्लँकेटचा, म्हणजे निवडक दाणेदार मालाचा, थर, त्यावर खडी, किलोमीटरला १६६० स्लीपर, एका मीटरला साठ किलो वजनाचा रूळ, क्लिपा ठोकल्या, सांधे वितळलेल्या लोखंडानं वेल्ड केले, टॅम्पिंग मशीन खडी दाबत पुढं गेलं. मातीकामाला वर्षं लागलेला तुकडा रुळांनी महिन्यांत भरून निघते. लोक तेव्हा पाहायला येतात, फोटो काढतात, म्हणतात आता खरं काम सुरू झालं. शेवटी रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात, ते रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतात, म्हणजे बांधणारा आणि पास करणारा वेगळा. ते ट्रॉलीवरून एकएक पूल, एकएक वळण पाहतात, कागद तपासतात, मग वेगाची चाचणी घेतात, आणि त्यांनी मंजुरी दिल्याशिवाय प्रवासी गाडी धावत नाही. त्यानंतरचे पहिले पावसाळे भरावावर गस्त असते, कुठं बसला, कुठं घळ पडली ते पाहायला.

दिग्रस, पुसद, उमरखेडकडच्या ज्यांच्या वावरातून लाईन जाणार आहे आणि अजून मुरूम पडला नाही, त्यांना एवढंच सांगतो. साइटवर जो कोणी लेव्हल लावून उभा दिसेल त्याला जाऊन भेटा. त्याला पुराची खूण दाखवा, जुना पाट दाखवा, विहीर दाखवा, आणि तोंडी सांगून थांबू नका, गट नंबर टाकून अर्ज लिहा, एक प्रत रेल्वेच्या बांधकाम विभागाला, एक भूसंपादन अधिकाऱ्याला, आणि पोच घ्या. विहिरीची पातळी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर मोजून, तारीख टाकून लिहून ठेवा. पाईप किती इंची लागेल ते आजची नाही तर पुढची गरज धरून सांगा, कारण एकदा भराव चढला की दुसऱ्यांदा कोणी तो फोडून देणार नाही.